वस्तुसंग्रहालय कसे पाहावे?

वस्तुसंग्रहालयाची भेट म्हणजे शालेय सहलीतील एक ठराविक उपचार होऊन बसला आहे. रांगेने आत शिरावयाचे, इजिप्तच्या ममीभोवती गर्दी करावयाची आणि तासाभरात बाहेर येऊन डबे उघडावयाचे! पब्लिक गार्डनमधील राज्य पुरावस्तुसंग्रहालय असे पाहून फारसे काही हाती लागत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. आम्हां चिक्कडपल्लीकरांना तर ते जवळच आहे. मग एकाच फेरीत सारे उरकण्याची घाई कशाला?

तेथे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींचे दालन आहे. अजिंठा पूर्वी निजामाच्या राज्यात होता. १९१४ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखाली, त्या लेण्यांची निगा राखली. १९२० मध्ये त्यासाठी इटलीहून तज्ज्ञ आणविले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा पक्का केला. मात्र चित्रांवर चढविलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडून रंग झाकोळले. प्राचीन ठेवा जपण्यास सदिच्छेबरोबर शास्त्रही लागते, हा धडा यातून मिळतो. बुद्धाची चित्रे वाचावीत म्हणून एका मुसलमान राजाच्या दरबाराने खर्च केला, हेही विसरू नये.

बिदरी भांड्यांची कथा अशीच मननीय आहे. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर वेलबुट्टी कोरून चांदी ठोकून बसवितात. मग बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या योगाने जस्त काळेभोर होते, चांदी शुभ्रच राहते. बहमनी काळापासून रुजलेली ही कला इराणी वळणाची खरी. पण तिचा काळा रंग दख्खनच्या मातीचा आहे.

१९५६ साली हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले. अजिंठा मराठी मुलखाबरोबर गेला, बिदर कानडी मुलखात गेले, काकतीयांची भूमी तेलुगू राज्यात राहिली. संग्रहालयात मात्र हे तिन्ही वारसे आजही एका छपराखाली नांदत आहेत. हैदराबादेतील मराठी माणूस येथला की परका, असे कोणी विचारल्यास त्याला आम्ही हीच दालने दाखवू.

म्हणून आमची सूचना अशी : एका भेटीत एकच दालन पाहावे, त्यातील एका वस्तूचे रेखाटन करावे आणि तिच्याविषयी मराठीत दहा ओळी लिहाव्यात. दहा दालनांतून धावण्यापेक्षा एका भांड्यापुढे अर्धा तास उभे राहणे अधिक लाभाचे होय.