नोबेलची छातीदुखी आणि निळी गोळी

इतिहासाच्या धाग्यांवर वारंवार फिरणारी एक गोष्ट आपण सर्वांनीच केव्हा ना केव्हा वाचलेली असते. शास्त्रज्ञ हृदयविकारावर औषध शोधत होते, हृदयाला ते फारसे उपयोगी पडले नाही, पुरुषांना मात्र भलताच गुण आला, आणि २७ मार्च १९९८ रोजी 'व्हायग्रा' या निळ्या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली. खाली चार हसरे चेहरे, दोन चावट प्रतिक्रिया, आणि आपण पुढच्या धाग्याकडे वळतो.

गोष्ट खोटी नाही, अर्धी आहे. माझी तक्रार एवढीच की तिचा जो अर्धा भाग नेमाने गाळला जातो, तोच ही गोळी घेणाऱ्या माणसाच्या जिवाशी निगडित आहे.

तो भाग सुरू होतो १८४७ मध्ये, इटलीतील तुरिन शहरात. अस्कानियो सोब्रेरो या रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोग्लिसरीन तयार केले आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्याचा कण जिभेवर ठेवून पाहिला. डोके असह्य ठणकू लागले. त्या वेळी कोणाला ठाऊक नव्हते, पण द्रव्य रक्तवाहिन्या सैल करत होते. पुढे आल्फ्रेड नोबेलने हाच स्फोटक द्रव मातीत मुरवून डायनामाइट बनवले आणि १८६७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याच वर्षी थॉमस लॉडर ब्रंटन या तरुण स्कॉटिश वैद्याने, हृदयशूळाने तळमळणाऱ्या रुग्णांना अमिल नायट्राइट हुंगवले की वेदना ओसरते, असे प्रसिद्ध केले. १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मरेलने त्याच दुखण्यावर नायट्रोग्लिसरीनचा वापर मांडला. स्फोटकांच्या कारखान्यातील मजुरांना रविवारच्या सुटीनंतर सोमवारी कामावर येताच डोकेदुखी जडे, हेही याच द्रव्याचे देणे.

आणि मग १८९६. नोबेलचे स्वतःचे हृदय कुरकुरू लागले. डॉक्टरांनी त्याला नायट्रोग्लिसरीनच लिहून दिले. ज्या द्रव्याने आपल्याला संपत्ती आणि बदनामी दोन्ही दिली, तेच आता पोटात घ्यायचे, या दैवाच्या थट्टेबद्दल त्याने आपला सहकारी रॅग्नार सोलमन याला पत्रातून लिहिले. औषधविक्रेते आणि लोक घाबरू नयेत म्हणून त्याला 'ट्रायनायट्रिन' असे सौम्य नाव दिले आहे, हेही त्याने नमूद केले. त्याच वर्षी १० डिसेंबरला तो वारला.

हे द्रव्य काम कसे करते, हे कळायला आणखी जवळपास शतक गेले. फेरिड मुराद, रॉबर्ट फर्चगॉट आणि लुई इग्नॅरो यांच्या संशोधनातून दिसले की नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू शरीरात निरोप्याचे काम करतो. तो 'सायक्लिक जीएमपी' हा पदार्थ वाढवतो, आणि त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायू सैलावतात. या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९९८ मध्येच, म्हणजे निळ्या गोळीच्याच वर्षी. कादंबरीकाराने हा योग जुळवला असता तर समीक्षकांनी त्याला अतिरंजित ठरवले असते.

आता 'योगायोगाने लागलेला शोध' तपासू. इंग्लंडच्या केंट परगण्यातील सँडविच गावी फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत १९८९ मध्ये सिल्डेनाफिल हा रेणू तयार झाला. सायक्लिक जीएमपी मोडून टाकणाऱ्या 'पीडीई-५' या विकराला अडवायचे आणि हृदयशूळ शमवायचा, असा हेतू होता. वेल्समधील मर्थिर टिडफिल येथे निरोगी स्वयंसेवकांवर चाचणी झाली, तेव्हा इतर किरकोळ त्रासांबरोबर काहींनी लिंगाला ताठरता आल्याचेही सांगितले. तेवढ्यावरून कोणी आनंदाने उडी मारली नाही. परंतु लिंगाच्या ताठरतेमागेही नायट्रिक ऑक्साइडच असते, हे त्याच सुमारास, १९९२ च्या आरंभी, इग्नॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी ऊतीवर दाखवून दिले, आणि त्या किरकोळ नोंदीला अर्थ प्राप्त झाला. हा चमत्कार नव्हता. हृदयाकडे जाणारी आणि लिंगाकडे जाणारी वाट रसायनाच्या पातळीवर एकच होती, इतकेच.

या एकाच वाटेमुळे धोकाही उद्भवतो. नायट्रेटवर्गीय औषध नळ सोडते, म्हणजे सायक्लिक जीएमपी वाढवते. सिल्डेनाफिल मोरीला बोळा घालते, म्हणजे तो पदार्थ वाहून जाऊ देत नाही. प्रत्येक क्रिया वेगळी असेपर्यंत शरीर सांभाळून घेते. नळही सुटला आणि मोरीही तुंबली, तर साऱ्या अंगातील रक्तवाहिन्या एकदम सैलावतात आणि रक्तदाब असा कोसळतो की हृदयाला आणि मेंदूलाच रक्त पुरत नाही. गोळी बाजारात आल्यावर काही महिन्यांतच मृत्यूंच्या वार्ता येऊ लागल्या. मृतांतील काहींना नायट्रेट दिले गेले होते. नोव्हेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत औषधासोबतच्या माहितीपत्रकातील इशारे अधिक कडक करण्यात आले.

आपल्याकडे नायट्रेट हा शब्द घरोघरी ठाऊक नसेल, पण 'सॉर्बिट्रेट' ठाऊक आहे. कित्येक घरांत आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात ती गोळी असते. कोणाच्या छातीत कळ आली की शेजारी धावत येऊन जिभेखाली ठेवायला देतात. ती नोबेलच्या औषधाचीच वंशज. आता कल्पना करा, पंचावन्न वर्षांच्या गृहस्थाने आदल्या रात्री कोणाला न सांगता निळी गोळी घेतली आहे आणि सकाळी त्याच्या छातीत दुखू लागले आहे. घरच्यांनी मायेने जिभेखाली ठेवलेली गोळीच त्याच्या जिवावर उठू शकते. सिल्डेनाफिल घेतल्यानंतर किमान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यानंतर किमान ४८ तास नायट्रेट देऊ नये, असा वैद्यकातील दंडक आहे. टाडालाफिलचा प्रभाव ३६ तासांपर्यंत टिकतो, म्हणून त्याची मुदत मोठी. आणि ज्याला नायट्रेट नियमित घ्यावे लागते, त्याने या गोळ्यांच्या वाटेला जाऊच नये. मेजवान्यांमध्ये हुंगले जाणारे 'पॉपर्स' म्हणजे ब्रंटनचे अमिल नायट्राइट किंवा त्याची भावंडे; त्यांनाही हाच नियम लागू.

म्हणून माझे मत असे की या गोळीच्या बाबतीत रसायनापेक्षा गुप्तता अधिक घातक आहे. आणि गुप्ततेचा इतिहास गोळीहून कितीतरी जुना. आयुर्वेदाच्या आठ अंगांत वाजीकरणाला मानाचे स्थान होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्याला स्वतंत्र अध्याय आहे. म्हणजे तेव्हा विषय वैद्यासमोर मांडण्याजोगा होता. लाज मधे आली की भोंदू येतो. १८८९ मध्ये पॅरिसमध्ये ७२ वर्षांच्या ब्राउन-सेकार या नामवंत शरीरशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून तारुण्य परतल्याचे जाहीर केले. पुढे अमेरिकेत कॅन्ससच्या जॉन ब्रिंकलीने बोकडाच्या ग्रंथी पुरुषांच्या अंगात बसवून अमाप पैसा केला. १९३० मध्ये त्याचा परवाना रद्द होईपर्यंत किती जणांचे हाल झाले, ते वेगळेच. आपल्या रेल्वेमार्गांलगतच्या भिंतींवर 'गुप्तरोग' वाचत आपण मोठे झालो. वास्तविक अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. भिंती काही तो कायदा वाचत नाहीत.

'शुद्ध वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत सिल्डेनाफिलच मिसळलेले आढळल्याचे इशारे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार दिले आहेत. सिंगापूरमधील प्रकार त्याहून भयंकर. २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत तिथे मधुमेह नसलेले १५० रुग्ण रक्तातील साखर धोकादायकरीत्या घसरल्यामुळे रुग्णालयात आले. चौघे दगावले. बेकायदा विकल्या जाणाऱ्या कामोत्तेजक गोळ्यांत मधुमेहावरील ग्लिबेनक्लामाइड हे औषध भरलेले निघाले.

मराठीत या कोंडीविरुद्ध पहिला मोठा लढा दिला तो र. धों. कर्वे यांनी. १९२७ पासून मृत्यूपर्यंत, १९५३ पर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरे दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला चालला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरले. पण चारचौघांत प्रश्न विचारणे हा गुन्हा नव्हे, ही भूमिका मागे राहिली.

कोणी म्हणेल, चिठ्ठीचा आग्रह कशाला? ब्रिटनने २०१७ मध्ये ५० मिलिग्रॅमची सिल्डेनाफिल चिठ्ठीविना विकण्यास परवानगी दिलीच की. दिली, परंतु तिथे औषधनिर्मात्याने हृदयाबद्दल आणि चालू औषधांबद्दल विचारपूस करून मगच गोळी द्यायची असते. आपल्याकडे दुकानदार नजर चुकवून पाकीट सरकवतो, गिऱ्हाईक नजर चुकवून खिशात घालते, आणि विचारण्याचा प्रसंगच येत नाही. चिठ्ठीचे मोल कागदात नाही, त्यामागच्या प्रश्नांत आहे. प्रोस्टेटसाठी अल्फा-ब्लॉकर गट चालू आहे का, यकृत वा मूत्रपिंड अधू आहे का, नुकताच हृदयविकाराचा झटका वा पक्षाघात येऊन गेला का? उत्तरांनुसार डॉक्टर २५ मिलिग्रॅमपासून आरंभ करतात किंवा गोळी नाकारतात. सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी, दिवसात एकदाच घ्यायची. तुडुंब तेलकट जेवणानंतर ती उशिरा लागू पडते, म्हणून अधीर होऊन दुसरी घेऊ नये. इच्छा नसेल तर गोळी ती निर्माण करत नाही. ताठरता चार तासांहून अधिक टिकली, किंवा दृष्टी वा श्रवण अचानक गेले, तर थेट रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांकडे जाण्याचे आणखी एक कारण आहे. लिंगाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांहून अरुंद असतात. रक्तवाहिन्या आतून खराब होऊ लागल्या की अडचण अनेकदा तिथे आधी जाणवते, हृदयात नंतर. ताठरतेची तक्रार घेऊन आलेल्या चाळिशीतल्या माणसाचा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासले जाते ते यासाठी. दुकानातून गुपचूप गोळी नेणाऱ्याची ही तपासणी होत नाही.

छातीत दुखून आलेल्या पुरुषाला आपत्कालीन कक्षातील डॉक्टर विचारतात, "गेल्या दोन दिवसांत तशी काही गोळी घेतली होती का?" शेजारी पत्नी असते, कधी मुलगा, कधी सून. संकोच वाटत असेल तर त्यांना क्षणभर बाहेर थांबायला सांगावे, आणि कोणती गोळी, किती वाजता घेतली, ते डॉक्टरांना सांगून टाकावे.