बाटलीभर पाण्याचा हिशेब

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात सिलतरा येते. स्पंज आयर्नचे आणि पोलादाचे कारखाने, रस्त्यावर ट्रकच्या रांगा आणि झाडांच्या पानांवर काळी धूळ. माझी बहीण त्या बाजूला राहते. गेल्या वर्षी नौतप्यात, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीस सुरू होणाऱ्या त्या भट्टीसारख्या नऊ दिवसांत, मी वडिलांना तिच्याकडून रायपूरला डोळे तपासायला घेऊन निघालो होतो. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गाडी सोळा वर्षांची.

सिलतऱ्याजवळ ट्रकच्या रांगेत वीस मिनिटे अडकलो. एसीची हवा कोमट झाली, तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला. आता थांबावे असे मनात येते न येते तोच काटा झरकन खाली आला. ‘निवली बरं का गाडी,’ असे वडिलांना सांगून मी रांग हलताच पुढे निघालो. जेमतेम दोन किलोमीटरवर इंजिनाने खडखड करून मान टाकली.

बॉनेट उघडून मी रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच मागून आवाज आला, ‘झन खोलव, बाबूजी!’ खोलू नका! एका ट्रकचालकाने माझा हात धरला होता. झाकण सैल होताच उकळते पाणी कारंजासारखे तोंडावर उडते, हे त्याने पाहिलेले होते. त्याने वडिलांना ट्रकच्या सावलीत बसवले आणि ओला गमछा त्यांच्या डोक्यावर ठेवला. वडिलांचा चेहरा लालबुंद झाला होता. त्या तासाभरात गाडीचा विचार माझ्या मनात आला नाही.

तो आला दुसऱ्या दिवशी, मिस्त्रीने हिशेब मांडला तेव्हा. गॅस्केट गेले होते, इंजिनाचे हेड वाकले होते. मूळ कारण काय, तर चिरलेला एक होज पाइप. तो वेळीच बदलला असता तर काही शे रुपयांत भागले असते. खरी लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. फेब्रुवारीपासून दर रविवारी मी बाटलीभर पाणी ओतत होतो आणि स्वतःला दक्ष मालक समजत होतो. फरशीवरचा हिरवट डाग पत्नीने दोनदा दाखवला होता. ‘एसीचे पाणी असेल,’ असे मी म्हणालो होतो. एसीचे पाणी स्वच्छ असते, आणि फेब्रुवारीत आम्ही एसी लावतही नाही!

मग काटा खाली का आला? काट्याला खबर देणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच खरे बोलतो. पाणी संपले की तो हवेत लोंबकळतो आणि काटा खोटाच उतरतो. चढलेला काटा अचानक पडला तर ती सुटका समजू नका, ताबडतोब गाडी थांबवा.

गाडीतली पाण्याची व्यवस्था बंदिस्त असते. धडधाकट गाडीला दर आठवड्याला पाणी लागत नाही. लागत असेल तर ते कुठे तरी जात आहे. साधे पाणी १०० अंशांना उकळते. निम्मे कूलंट, निम्मे डिस्टिल्ड वॉटर आणि झाकणाचा दाब यांमुळे ही मर्यादा १२० अंशांच्या पुढे जाते. गळतीतून पाण्याबरोबर दाबही जातो आणि उकळी लवकर फुटते. शिवाय बोअरवेलच्या जड पाण्याने आत क्षार साठतात, गीझरच्या कॉइलवर साठतात तसे.

गळती शोधायची ती सकाळी, इंजिन थंड असताना. होज पाइप दाबून पाहा; कडक, भेगाळलेला किंवा फुगलेला असेल तर बदला. क्लिपा, वॉटर पंपाची खालची बाजू आणि रेडिएटरचे कोपरे पाहा. बाहेर काहीच ओले नसेल तर ऑइलची पट्टी काढा. ऑइल दुधाळ चहासारखे दिसले किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येत राहिला, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. पुढच्या सीटखालचे पायपुसणे चिकट आणि ओले लागले तर हीटर गळत असेल.

सिलतऱ्यासारख्या भागात रेडिएटरच्या पत्र्यांमध्ये धूळ बसून हवा अडते. इंजिन थंड असताना आतल्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने ती धुवावी. गाडी उभी असताना वारा देतो तो फक्त पंखा, म्हणून तो फिरतो ना तेही पाहावे. ‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील,’ या सल्ल्याने गळती थांबत नाही.

वाटेत काटा चढलाच तर एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा आणि सुरक्षित जागा दिसताच थांबून इंजिन बंद करा. अर्धा-पाऊण तास झाकणाला हात नको. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. सोबत वृद्ध किंवा मुले असतील तर आधी त्यांना सावलीत न्या.

आणखी एक. कूलंट चवीला गोड, पण विषारी असते. ते सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ठेवू नका आणि सांडलेले लगेच धुऊन टाका.

वडिलांचे डोळे पुढच्या आठवड्यात तपासून झाले. गाडी आजही आहे. रविवारी आता मी आधी टाकीवरच्या खुणेशी पातळी ताडून पाहतो. ती उतरलेली दिसली की पाणी घालतो, पण त्याच आठवड्यात मिस्त्रीचे दारही गाठतो. आणि फरशीवर डाग दिसला, तर पत्नीला दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही.