सोंगटी ठेवणारा हात



मार्च २०१६, सोल. ‘गो’ या खेळातला दिग्गज ली सेडॉल पटाशी बसला होता आणि समोर होता ‘अल्फागो’ हा प्रोग्रॅम. समोर म्हणजे खरे तर आजा हुआंग नावाचा माणूस. स्क्रीनवर यंत्राची चाल उमटली, की तो सोंगटी उचलून पटावर ठेवी. दुसऱ्या डावातली गाजलेली ३७वी चाल त्याच्याच बोटांनी पडली. ली तेव्हा सिगारेट ओढायला बाहेर गेला होता. यंत्राने ४-१ अशी बाजी मारली. बुद्धीचे कौतुक जगभर झाले, हाताकडे फारसे कुणी पाहिले नाही.

तिथे यांत्रिक हात बसवता आला असता, हे मान्य. मॉस्कोत जुलै २०२२ मध्ये बुद्धिबळाच्या एका स्पर्धेत तसा हात होता. सात वर्षांच्या मुलाने चालीची जरा घाई केली, तर त्या हाताने त्याचे बोट पकडले आणि मोडले. चिमटीत मोहरा आहे की बोट, हे त्याला कळलेच नाही. माणूस असता तर पोर कळवळताच पकड सुटली असती.

कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या वादात शरीर म्हणजे बुद्धीचा हमाल, असा सूर असतो. त्यासाठी संगणकशास्त्रज्ञ ॲलन ट्युरिंग यांचा दाखला देतात: १९५० च्या लेखात यंत्राच्या बुद्धीची परीक्षा सुचवताना त्यांनी उत्तरे टंकलिखित मागवून देह पडद्याआड ठेवला. पण यंत्राला उत्तमोत्तम ज्ञानेंद्रिये देऊन मुलासारखे शिकवावे, हा पर्यायही त्याच लेखाच्या अखेरीस आहे. तो सोयीस्करपणे विसरला जातो. रोबोटतज्ज्ञ हान्स मोराव्हेक यांनी तर १९८८ मध्येच लिहून ठेवले, की यंत्राला पटावरचे खेळ शिकवणे तुलनेने सोपे, वर्षाच्या पोराचे पाहणे-चालणे शिकवणे महाकठीण.

पत्रलेखकाच्या घरी ज्वारीचे पीठ जुने झाले, की आई पहिल्या गोळ्यालाच ओळखते: विरी, म्हणजे चिकटपणा, गेली. लगेच उकळते पाणी. थापताना कड चिरली, की बोट आपोआप तिकडे वळते. डोळे मात्र तव्यावरच्या भाकरीवर. कसे कळते, ते तिला सांगता येत नाही. तरी आपल्याकडे ही ‘अंगमेहनत’ आणि खुर्चीतले ते ‘डोक्याचे काम’. मोबदलाही त्याच हिशेबाने. गंमत अशी, की भाषांतर, पत्रव्यवहार, मसुदे अशा खुर्चीतल्याच कामांना यंत्र आधी भिडले.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर प्राध्यापक आणि उद्योजक भरपूर लिहितात. संपादकांनी पुढच्या विशेषांकात पोळी-भाकरी केंद्र चालवणाऱ्या एखाद्या बाईंची मुलाखत छापावी, तीही त्यांचे हात पिठात असताना घेतलेली.

— एक वाचक, सोलापूर