काविळीला म्हणे औषध नसते!

गेल्या वर्षी भाद्रपदात आमच्या वाडीतल्या एका वहिनीला कावीळ झाली. सातवा महिना चालू होता. आधीचा आठवडाभर तिला जेवण नकोसे झाले होते, फोडणीच्या वासाने मळमळे, लघवी गडद पिवळी होई. दिवस गेलेल्या बाईला असे व्हायचेच, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. डोळे पिवळे झाले तेव्हा तिला माळ घालायला नेले. पाचव्या दिवसापासून ती असंबद्ध बोलू लागली. दिवसा झोपे, रात्री जागी राही. मग गाडी ठरवून चिपळूण गाठले. वहिनी वाचली. मूल गेले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. रागाच्या भरात मी आजीला अडाणी म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, "अरे, काविळीला डॉक्टरकडे औषध नसतं. तुझ्या बापाची माळेनंच उतरली."

पुढे एका डॉक्टरांना विचारले, थोडे वाचले, तेव्हा कळले की आजीचे म्हणणे निम्मे खरे आहे. दूषित पाण्यातून येणारी ‘ए’ आणि ‘ई’ विषाणूंची कावीळ बहुतेकांच्या बाबतीत विश्रांतीने आपोआप बरी होते. तेवढ्या दिवसांत डोक्यावर माळ असली की श्रेय माळेला! माळ लांबत खाली उतरते यात जादू नाही. ओल्या काड्या दोऱ्यात गुंफलेल्या असतात. त्या सुकून आकसल्या की गाठी सैल होतात. धडधाकट माणसाच्या डोक्यावर ठेवली तरी ती लांबेल.

पण कावीळ हा एकच रोग नव्हे. ते यकृत बिघडल्याचे किंवा पित्ताची वाट अडल्याचे चिन्ह आहे. ‘बी’ आणि ‘सी’ हे विषाणू रक्तातून येतात आणि वर्षानुवर्षे लपून यकृत पोखरतात. दारूने कावीळ होते, पित्ताचा खडा अडकून होते, तापाच्या गोळ्या भरमसाट खाल्ल्यानेही होते. यांतली कोणती, हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. आणि ‘सी’ला तर आता चक्क औषध आहे, काही महिन्यांत बरे करणारे! २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ते सरकारी केंद्रांतून मोफत मिळते. (काविळीच्या रोग्याला जग पिवळे दिसते, ही म्हणही खोटीच. तोच जगाला पिवळा दिसतो.)

‘ई’ची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत फार घातक ठरते, शंभरांतल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. इचलकरंजीत २०१२ साली पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळून जी साथ आली, ती याच विषाणूची. आपल्याकडे आगरात विहीर आणि पलीकडेच संडासाचा खड्डा. पावसाळ्यात जमिनीखालचे पाणी वर येते. पण पाणी उकळून पिऊया म्हटले की ‘आमच्या विहिरीचं पाणी अमृत आहे’ हे ठरलेले उत्तर!

म्हणून डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी रुग्णालयात जावे. बाई गरोदर असेल, उलट्या थांबत नसतील, रोगी बरळत असेल किंवा नको इतका झोपत असेल, पोट फुगले असेल, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर सकाळ होण्याचीही वाट पाहू नये.

माळ घालणाऱ्यांना शिव्या देणारे लेख आपण लिहितो, मीही लिहिणार होतो. पण काविळीचा रोगी डॉक्टरांच्या आधी त्यांनाच दिसतो. मग ही लक्षणे त्यांनाच का सांगू नयेत? एन.एस.एस.च्या मुलांनी हे काम घ्यावे असे मला वाटते. मी एकदा त्या गृहस्थांकडे जाऊन आलो. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतले आणि गरोदर बाई आली तर माळ न घालता आधी रुग्णालयात पाठवीन, एवढे कबूल केले. बाकीच्या लक्षणांबाबत आमचे अजून एकमत व्हायचे आहे. दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहे.