हात फिरे तिथे : पियानोसमोरचा बाक

पियानो बेसूर झाला की ट्यूनर येतो. त्याची तारीख आधी ठरते, त्याला चहा मिळतो, सोबत बिस्किटंही मिळतात. पियानोसमोरच्या बाकाला मात्र कोणी विचारत नाही. तो करकरतो, डुगडुगतो आणि एके दिवशी जिन्याखाली जाऊन पडतो. गेली तीन वर्षं मी आमच्या भागातल्या एका छोट्या संगीतशाळेचे बाक दुरुस्त करतो. सगळी नोकरी कारखान्यात झाली, त्यामुळे पाना आणि स्क्रू ड्रायव्हरशी जुनी ओळख. १८८६ साली सुरू झालेलं आणि २०१७ मध्ये जेनन्स रोडवरच्या नव्या इमारतीत गेलेलं आपल्या गावचं रॉयल बर्मिंगहॅम कॉन्झर्व्हटॉयर मोठं. तिथं वाद्यांची निगा राखायला माणसं असतात. छोट्या शाळांना आमच्यासारखे निवृत्त काका पुरतात.

आपल्याकडे पेटी शिकायला सतरंजी पुरते. पियानोचं तसं नाही. पियानो जागचा हलत नाही, पट्ट्यांची उंची ठरलेली. मग जुळवून घ्यायचं ते बाकानं. कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर, खांदे सैल, पाय टेकलेले. पाय पोचत नसतील तर खाली पाट. गंमत म्हणजे लहान मुलाला बाक मोठ्या माणसापेक्षा उंच लागतो, कारण त्याची पाठच आखूड असते. ग्लेन गूल्ड या कॅनडाच्या थोर पियानोवादकाला त्याच्या वडिलांनी घडीच्या खुर्चीचे पाय कापून दिले होते. जमिनीपासून जेमतेम १४ इंचांवर बसून तो अखेरपर्यंत त्याच खुर्चीवर वाजवत राहिला. सगळ्या जगाहून वेगळं बसणाऱ्यालाही आपली अशी एक उंची लागतेच.

शाळेतले बाक म्हणूनच कमी-जास्त करता येणारे असतात, साधारण ४८ ते ५८ सेंटिमीटर. बैठकीखाली गाडीच्या जॅकसारखी लोखंडी कात्री असते. बाजूच्या मुठी फिरवल्या की आट्यांचा दांडा फिरतो आणि कात्री उघडते किंवा मिटते. बैठक जितकी खाली, तितका दांड्यावर ताण जास्त. पोरं बसल्या बसल्याच मुठी फिरवतात. आटे झिजतात आणि एक दिवस बाक खालच्या खाली अडकतो.

मोडलेला बाक सगळ्यांना दिसतो, अडकलेला दिसत नाही. शाळेत सात वर्षांची एक मुलगी होती. तिचे खांदे कायम कानाला टेकलेले. बाई दर आठवड्याला सांगायच्या, "खांदे खाली." ती बिचारी क्षणभर खाली घ्यायची, की पुन्हा वर. मी त्या खोलीतला बाक दुरुस्तीला नेला आणि दुसरा ठेवला, चार बोटं उंच. पुढच्या तासाला बाईंना काही सांगावं लागलं नाही. मुलं बाकाची तक्रार करत नाहीत. ती आपलं अंगच बाकाला जुळवून घेतात, आणि आपण म्हणतो, हिचा हात कडक आहे.

दुरुस्ती फार अवघड नाही. बाक उलटा करायचा. पायांचे बोल्ट सैल असतील तर बेतानं आवळायचे. जोर केला की लाकडातले आटे जातात. हिवाळ्यात हीटिंगमुळे लाकूड आक्रसतं, म्हणून वर्षातून दोनदा तरी बघावं. स्क्रूचं भोक मोठं झालं असेल तर लाकडाची काडी गोंद लावून ठोकायची आणि वाळल्यावर स्क्रू पुन्हा बसवायचा. निखळलेल्या सांध्यातला जुना सरस आधी खरवडून काढायचा, कारण वाळलेल्या सरसावर नवा गोंद धरत नाही. मग क्लॅम्प लावून रात्रभर हात लावायचा नाही. कात्रीचे सांधे आणि दांडा पुसून बोटभर ग्रीस पुरतं. पातळ तेल ओघळतं आणि कुणाच्या तरी शाळेच्या पँटवर उतरतं. आटे पार गेले असतील तर कात्रीच नवी घालायची, बाक फेकायचा नाही. प्रत्येक बाकाखाली मी खडूनं नंबर टाकतो आणि वहीत तारीख लिहितो.

हे काम या गावात करायला मला विशेष आवडतं. १८५४ साली नेटलफोल्ड आणि चेंबरलेन यांनी टोकदार स्क्रू यंत्रावर बनवण्याचं अमेरिकन पेटंट इथं आणलं आणि बर्मिंगहॅमचा स्क्रू जगभर गेला. त्याच धंद्यात पैसा कमावून जोसेफ चेंबरलेन १८७३ मध्ये इथला महापौर झाला. आपल्याकडच्या सुतारांच्या पेटीतही 'नेटलफोल्ड'चे स्क्रू असायचे. मी इथं आलो तेव्हा ते नाव मला या गावाच्या आधीपासून ठाऊक होतं!

आपण इथं आलो तेव्हा मिळेल त्या खुर्चीत बसलो, अंग चोरून बसलो. तेव्हा इलाज नव्हता. आपल्या नातवंडांना मात्र तसं बसवायचं कारण नाही.

तर मंडळी, दिवाळीची साफसफाई चालूच असेल. पियानो पुसाल, फोटोंच्या चौकटी पुसाल. जाता जाता बाकही उलटा करा, चारही बोल्ट हातानं हलवून बघा, मुठी दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. आणि हो, फिरवताना वर कोणी बसलेलं नको!