भिंतीवर एक चित्र तरी स्वतःच्या हातचं असू द्या

गेल्या वर्षी आमच्या दवाखान्यात येणाऱ्या एक काकू झोपेची तक्रार घेऊन आल्या. (त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) त्यांचे यजमान आठ महिने अंथरुणाला खिळून होते आणि घरातच, त्याच खोलीत गेले. तेव्हापासून काकू हॉलमधल्या दिवाणावर झोपत होत्या. "त्या खोलीत गेलं की समोरची भिंत अंगावर येते हो डॉक्टर," त्या म्हणाल्या. मुलानं भिंत रंगवून दिली होती. आता तिथे बाजारातून धावत्या घोड्यांचं मोठं कॅनव्हास आणून लावायचं घरात ठरत होतं. मीही म्हटलं, "आणा, बरं वाटेल."

महिनाभरानं त्या पुन्हा आल्या. "घोडे नाही आणले. नातीचे रंग उरले होते, मीच काढलं," असं म्हणत त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. खाली भातखाचरांचा हिरवा पट्टा, मध्ये निळसर डोंगर, वर भरून आलेलं आभाळ. डोंगर जरा एका बाजूला कललेला. "ह्यांचं गाव," एवढंच म्हणाल्या.

काकू आता त्या खोलीत झोपतात. चित्रामुळे झोप आली, असा दावा मी करणार नाही. त्यांचे औषधोपचार आणि समुपदेशन चालू होतं, मधे काळही गेला होता. पण खोलीचं दार त्यांनी पुन्हा उघडलं, ते चित्र टांगायला. हे मला चिठ्ठीवर लिहून देता आलं नसतं.

तेव्हापासून माझं एक मत झालं आहे. ज्या भिंतीकडे आपण रोज सकाळी डोळे उघडल्यावर पाहतो, तिच्यावर एक तरी चित्र आपल्या हातचं असावं. विकत आणलेली चित्रं वाईट असतात असं नाही. पण स्वतः काढलेल्या चित्राचे दोन फायदे आहेत: एक काढताना होतो, दुसरा टांगल्यावर.

काढताना काय होतं?

२०१६ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना ४५ मिनिटं मार्कर, माती आणि चिकटचित्राचं साहित्य देऊन हवं ते करू दिलं. त्याआधी आणि नंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसोल मोजलं. हे ताणाशी संबंधित संप्रेरक आहे. चारपैकी साधारण तिघांचं कॉर्टिसोल कमी झालं, आणि पूर्वी कलेचा सराव असण्या-नसण्यानं फारसा फरक पडला नाही. अभ्यास लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावर मोठा निष्कर्ष उभारू नये. पण 'मला चित्रकला येत नाही' म्हणणाऱ्यांनी यातला शेवटचा मुद्दा जरूर लक्षात ठेवावा.

ही कल्पना नवीनही नाही. ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल १९३८ साली क्षयरोगासाठी आरोग्यधामात होते. खाटेवर पडल्या पडल्या त्यांनी चित्रं काढायला सुरुवात केली आणि पुढे इतर रुग्णांनाही शिकवलं. 'आर्ट थेरपी' हा शब्द त्यांनीच रूढ केला. अर्थात आपण घरी जे करू तो छंद आहे. प्रशिक्षित तज्ज्ञाकडून होणारी कला-उपचारपद्धती वेगळी.

टांगल्यावर काय होतं?

समोर काय दिसतं याचा रुग्णावर परिणाम होतो का, हे रॉजर उलरिच यांनी तपासलं. त्यांचा अभ्यास १९८४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी निम्म्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांना विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. हा अभ्यास खिडकीचा आहे, चित्राचा नाही. तरी नजरेसमोर काय असतं ते अगदीच गौण नसतं, एवढं त्यातून दिसतं.

स्वतःचं चित्र टांगण्यात आणखी एक गोष्ट आहे. आजारपणात किंवा दुःखात माणसाला वाटू लागतं की आपल्या हातून काही होत नाही. भिंतीवरचं ते चित्र रोज सांगतं की हे तू केलंस. म्हणून काढलेलं चित्र कपाटामागे ठेवू नका. माझे बरेच रुग्ण तसंच करतात, कारण 'लोक काय म्हणतील?'

खरं तर घराची भिंत घरच्यांनीच सजवायची, ही आपलीच रीत आहे. पालघर जिल्ह्यातल्या वारली घरांत लग्नाचा चौक सवाष्णी तांदळाच्या पिठानं भिंतीवर काढतात. त्यांनी कुठल्या कला महाविद्यालयाचं प्रमाणपत्र घेतलेलं नसतं. भिंत परक्याच्या चित्रानं भरायची सवय आपल्याला नंतर लागली.

सुरुवात कशी करावी?

• लाकडी चौकटीवर ताणलेला, पांढरा थर दिलेला १२ × १६ इंची तयार कॅनव्हास घ्या.
• ॲक्रेलिकचे पाचच रंग घ्या: पांढरा, निळा, पिवळा, लाल, तपकिरी. एक रुंद चपटा ब्रश आणि एक बारीक गोल ब्रश पुरतो.
• पहिल्यांदा माणसं, चेहरे नकोत. ओळखीची एखादी जागा आडव्या पट्ट्यांत काढा: शेत, समुद्र, आभाळ. सरळ कडेसाठी मास्किंग टेप लावा.
• बिघडलं तर वाळू द्या आणि वरून पुन्हा रंगवा. ॲक्रेलिकमध्ये हे सहज जमतं.

डॉक्टर म्हणून काही सूचना

१. दमा, ॲलर्जी किंवा गरोदरपण असेल तर टर्पेंटाइन लागणारे तैलरंग आणि फवाऱ्याचं व्हार्निश टाळा. ॲक्रेलिक पाण्यात मिसळतं, तरी खिडकी उघडी ठेवा.
२. काही रंगद्रव्यांत कॅडमियमसारखे जड धातू असतात. ब्रशचं टोक तोंडात घालू नका, वाळलेला रंग घासून धूळ उडवू नका आणि जेवणाआधी हात धुवा. चहाचा कप आणि ब्रश धुवायचा पेला शेजारी ठेवू नका. हसू नका, चूक होते!
३. दर अर्ध्या तासानं उठा, मान आणि खांदे मोकळे करा.
४. साठीच्या पुढच्यांनी खिळा ठोकायला स्टुलावर चढू नये. खुब्याचं हाड मोडण्याइतकं मोलाचं कुठलंच चित्र नाही. ते काम मुलाला, सुनेला, शेजाऱ्याला सांगा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक गेली असेल, तर रंग आणण्याआधी डॉक्टरांकडे या. जगणं नकोसं वाटत असेल तर थांबू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. चालू असलेल्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. चित्र हे औषधाच्या जोडीला आहे, औषधाऐवजी नाही.

काकूंना परवा विचारलं, "डोंगर सरळ केलात की नाही?" त्या म्हणाल्या, "राहू दे डॉक्टर. ते असते तर मला चिडवलं असतं त्यावरून."

तुमच्या घरातली कुठली भिंत रिकामी आहे? या रविवारी तिच्यासाठी एक तास काढून बघा.