तुमचा नंबर दिलाय त्यांनी

नागपूरच्या धंतोलीत अनोळखी नंबर कुणी कापत नाही. काँग्रेस नगरकडून आत शिरा की लोकमत चौकाकडून, चार पावलांवर एका रुग्णालयाची पाटी दिसते आणि पाटीखाली फोन हातात धरून बसलेले नातेवाईक. कोणी यवतमाळचा, कोणी भंडाऱ्याचा, कोणी बालाघाटचा. फोन पॅथॉलॉजीचा असेल, रक्तपेढीचा असेल, मेडिक्लेमवाल्याचा असेल, म्हणून प्रत्येक उचलावाच लागतो. वसुलीवाल्यांचं फावतं ते इथेच. मध्यंतरी औषधाच्या दुकानासमोर एक गृहस्थ फोनवर सांगत होते, ‘‘बायको आयसीयूत आहे जी, पगार झाला की भरतो ना.’’ पलीकडचं उत्तर मला ऐकू आलं, कारण पलीकडचा ओरडत होता. ‘‘सबकी बीवी हॉस्पिटल मेंच रहती है क्या?’’

असं बोलणाऱ्याला नेमकं काय म्हणावं, ते वर्तमानपत्रात छापता येणार नाही.

माझ्या डोक्यावर सध्या कर्ज नाही. तरी हे फोन मलाही येतात. आमच्या इमारतीत पूर्वी एक तरुण भाड्याने राहायचा. सभ्य मुलगा, नोकरी फिरतीची. त्याने कुठल्याशा कंपनीकडून पर्सनल लोन घेतलं आणि अर्जात ‘रेफरन्स’ म्हणून माझा नंबर टाकला. मला विचारलं नव्हतं, पण त्याचा राग नाही. अर्जात दोन नंबर भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, तेव्हा माणूस हाताशी असेल तो नंबर भरतो. नोकरी सुटली, हप्ते थांबले आणि माझा फोन वाजू लागला. पहिला आवाज मुलीचा, अगदी अदबशीर. ‘‘सर, तुमचा नंबर दिलाय त्यांनी. त्यांना एवढा निरोप द्याल का?’’ मग आवाज बदलत गेले. ‘निरोप द्या’चं ‘समजावून सांगा’ झालं, त्याचं ‘पत्ता द्या’ झालं, आणि एका रात्री जेवताना, ‘‘तुम्ही लपवून ठेवलंय त्याला. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकू का?’’

हे आवाज का बदलतात ते या धंद्यातल्या एका परिचिताने समजावलं. थकलेल्या खात्यांचे तिथे ‘बकेट’ असतात. तीस दिवसांपर्यंत थकलेलं पहिल्या बकेटमध्ये, साठपर्यंतचं दुसऱ्यात, नव्वदपर्यंतचं तिसऱ्यात. नव्वद दिवस उलटले की खातं एनपीए होतं आणि ताळेबंदात दिसू लागतं. म्हणून तिसऱ्या बकेटचा फोन सर्वांत उर्मट. फोन करणाऱ्याला हवी असते ‘पीटीपी’, म्हणजे अमुक तारखेला भरतो असा शब्द. तो मिळाला की त्याचा दिवस सुटतो. कर्जदार फोन उचलत नसेल, तर त्याच्या भोवतालचे फोन वाजतात. सासरा, साहेब, घरमालक, जुना शेजारी. या लोकांकडून पैसे मिळणार नाहीत हे फोन करणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. त्याला हवी असते आपली कुजबुज. तिच्या धाकाने कर्जदार दुसरीकडून कर्ज काढून हप्ता भरेल, हा सगळा हिशेब.

अब्रूवर वसुली करण्याचा प्रकार आपल्याकडे नवा नाही. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात तगाद्याचं सविस्तर वर्णन आहे. नुसती सतत मागणी करण्यापासून सुरुवात. मग दारावर पहारा बसवायचा, जेवू द्यायचं नाही, आणि प्रकरण चिघळलं तर डोक्यावर जड दगड देऊन भर उन्हात उभं करायचं. धरणं हा त्यातलाच एक मार्ग. सावकार देणेकऱ्याच्या दारात उपाशी बसायचा, आणि दारात माणूस उपाशी असताना आपण जेवणं लाजिरवाणं म्हणून आतलाही उपाशी राहायचा. क्रूर प्रकार खराच. पण त्यात मागणाऱ्यालाही भूक सोसावी लागे, तोंड दाखवावं लागे, गाव बघत असे. आजचा तगादेदार भलत्याच शहरातल्या एसीत हेडफोन लावून बसलेला असतो, नाव खोटं सांगतो, आणि उपाशी राहतो तो फक्त आपल्या बाजूचा.

लोकांचा संयम सुटला तो १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात. शेतकऱ्यांनी सावकारांची खतं, रोखे काढून जाळले. माणसांना फारसा धक्का न लावता कागद जाळणाऱ्या त्या दंग्यांची सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करता येणार नाही, असं त्यात लिहिलं गेलं. आज दीडशे वर्षांनी कुणीतरी फोनवर सांगतो, ‘‘संध्याकाळपर्यंत पोलिस येऊन उचलतील,’’ आणि शिकलीसवरली माणसं थरथरतात.

आपल्या नागपूरचाही यात वाटा आहे. मध्य प्रांताची राजधानी इथे होती आणि १८७७ मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल धंतोलीपासून फार लांब नाही. त्या काळात पगाराच्या दिवशी गिरण्यांच्या फाटकाबाहेर काठी घेऊन उभे राहणारे सावकार हा देशभरातल्या कामगारांच्या जिवाला घोर होता. १९३१ च्या शाही कामगार आयोगाने असा वेढा घालणं गुन्हा ठरवा अशी शिफारस केली होती. मध्य प्रांताने १९३७ साली कर्जदारांच्या संरक्षणाचा कायदा केला. वसुलीसाठी कर्जदाराच्या मागे मागे फिरणं, त्याच्या घराजवळ वा कामाच्या जागेजवळ घुटमळणं म्हणजे छळ, आणि छळ म्हणजे शिक्षा. तेव्हा मोबाइल असता तर दिवसात तीसदा वाजणारा फोन त्या कायद्यात नक्की आला असता.

आता सावकार वेगळा आणि कंपनी वेगळी. राज्याचा २०१४ चा सावकारी नियमन कायदा गावातल्या सावकाराला लागतो. पण रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तकंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये केरळ आणि गुजरातच्या प्रकरणांत सांगितलं. त्यामुळे या कंपन्यांचा हिशेब मागायचा तो रिझर्व्ह बँकेकडे. आणि तिचे नियम, खरं सांगायचं तर, वाचायला फार छान आहेत. १२ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक म्हणतं, थकबाकीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन नाही. शिवीगाळ, धमकी नाही. चारचौघांत अपमान नाही. कर्जदाराच्या घरच्यांच्या, मित्रांच्या आणि ज्यांचे नंबर रेफरन्स म्हणून दिलेत त्यांच्या खासगी आयुष्यात नाक खुपसणं नाही. मायक्रोफायनान्सच्या कर्जांसाठी वेळ आणखी आखूड, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. शिवाय एजंट बाहेरच्या एजन्सीचा असला तरी जबाबदारी कर्ज देणाऱ्या संस्थेचीच. म्हणजे ‘‘ती आमची थर्ड पार्टी आहे, आम्ही काही करू शकत नाही’’ हे शाखेतलं ठरलेलं उत्तर सपशेल चूक.

या नियमांना दात नाहीत असं म्हणण्याची आपल्याकडे फॅशन आहे. दात आहेत, चावतात क्वचित. सप्टेंबर २०२२ मध्ये झारखंडच्या हजारीबागेत ट्रॅक्टर ओढून नेणाऱ्या वसुली एजंटांच्या प्रकरणात त्याच ट्रॅक्टरखाली एक गर्भवती तरुणी गेली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने ते कर्ज देणाऱ्या महिंद्रा फायनान्सला बाहेरच्या एजंटांकरवी वसुली थांबवायला लावली. ही बंदी काही महिन्यांनी उठली. त्याआधी २००७ मध्येच, प्रकाश कौर प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की कर्जवसुली आणि वाहनजप्ती कायद्याच्या मार्गानेच व्हावी, गुंडांकरवी नव्हे. एक जीव गेला की एक परिपत्रक कडक होतं, असा हा क्रम दिसतो आणि तो मला मान्य नाही.

दोन गोष्टींत मात्र लोकांचा घोटाळा होतो. पहिली, रेफरन्स म्हणजे जामीनदार नव्हे. जामिनावर सही केली असेल तर कर्जदाराइतकीच देणी तुमची, त्यात सुटका नाही. म्हणून साडूसाठी, मित्रासाठी सही करताना विचार करा. पण नुसता नंबर दिलेला असेल तर तुम्ही एक रुपयाही देणं लागत नाही, आणि पत्ता किंवा निरोपही देणं लागत नाही. दुसरी, हप्ता थकणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलिस दारात येत नाहीत. चेक परत गेला किंवा बँकेला दिलेलं हप्ताकपातीचं ई-मँडेट शिल्लक नसल्याने परतलं, तर मात्र फौजदारी खटला होऊ शकतो, आणि कोर्टाचा समन्स कचऱ्यात टाकायचा नसतो. व्हॉट्सअॅपवर येणारी ‘लोकअदालतीची नोटीस’ हा भीती घालण्याचा आवडता कागद. लोकअदालत तडजोडीसाठी असते. दोन्ही बाजूंनी हो म्हटल्याशिवाय तिथे काहीच ठरत नाही. नोटीस खरी असेल तर उलट जावं. तिथे व्याज-दंड कमी करून घ्यायची संधी मिळते.

अॅपवाल्यांचा प्रकार याहून घाण. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ मध्ये मोजलं तेव्हा अँड्रॉइडवर सुमारे ११०० कर्जअॅप सापडली आणि त्यातली ६०० बेकायदा होती. ही मंडळी फोनमधले सगळे नंबर आणि फोटो उचलायची, आणि मग बदललेले फोटो नातेवाइकांना पाठवायची. आता कर्जअॅपने फोनबुकला, फोटोंना हात लावायचा नाही असा नियम आहे. ज्याच्यामागे बँक वा नोंदलेली कंपनी नाही, त्याच्याशी हप्त्यांची बोलणी करूच नयेत. थेट १९३० या क्रमांकावर सायबर तक्रार करावी. एकदा घाबरून पैसे भरले की मागणी थांबत नाही, वाढते.

फोनवरच्या पोरांविषयीही एक शब्द. तेही नोकरदारच. नियमाप्रमाणे वसुली एजंटाला शंभर तासांचं प्रशिक्षण लागतं, पदवीधराला पन्नास, आणि परीक्षा असते. माझ्याशी बोललेल्यांपैकी कुणालाही मी प्रमाणपत्र विचारलं की फोन कट. पंधरा-अठरा हजारांवर राबणाऱ्या मुलाला शिव्या देऊन आपलं तोंड खराब करण्यात अर्थ नाही. त्याने कसं बोलायचं हे ठरवणारा मोठ्या केबिनमध्ये बसलेला असतो. म्हणून भांडण त्याच्याशी नको, कागदावर हवं.

कागद म्हणजे काय? फोन आला की नाव, एजन्सी आणि कुठल्या संस्थेकडून बोलताय ते विचारायचं. कॉल रेकॉर्ड करायचा, वेळ टिपायची, संदेश पुसायचे नाहीत. मग संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल. बँकेचं कर्ज असेल तर २००८ पासूनचा एक नियम फार थोड्यांना माहीत आहे: कर्जदाराची तक्रार प्रलंबित असताना ते खातं बँकेने वसुली एजन्सीकडे द्यायचं नसतं. तक्रार नुसती त्रास देण्यासाठी केलेली नसली म्हणजे झालं. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस पोर्टलवर, फुकट. माहितीसाठी १४४४८. जीवाची, बेअब्रूची धमकी असेल तर थेट पोलिस ठाण्यात लेखी तक्रार आणि त्याची पोच.

मी ईमेल केला. जे फोन मी महिनोन्‌महिने ऐकत होतो ते थांबले, आणि माफीचं एक कोरडं उत्तरही आलं. त्या तरुणाचं कर्ज मात्र तसंच होतं, हे विसरायचं नाही. देणं आहे ते आहेच. त्याच्यासारख्याने फोन बंद करून गाव सोडण्यापेक्षा संस्थेला लिहून द्यावं: नोकरी गेली, इतकं भरू शकतो, हप्ते लांबवून द्या. पैसे फक्त कर्जखात्यात भरावेत, एजंटाच्या यूपीआयवर कधीच नाही. तडजोड झाली तर पत्र आधी, पैसे नंतर. आणि ‘सेटल्ड’ हा शेरा क्रेडिट रिपोर्टवर पुढे कर्ज मिळताना आडवा येतो हे समजून मगच सही करावी. आणि घरात सांगावं. बायकोला, आईला, भावाला आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीची धमकी कुणी काय देणार?

उरलो आपण, ज्यांचे नंबर दिलेले असतात. असा फोन उद्या तुम्हाला आला, तर कृपा करून ती बातमी इमारतीत नेऊ नका. ‘‘मी जामीनदार नाही, हा नंबर काढून टाका, पुन्हा फोन आला तर लोकपालाकडे जाईन,’’ एवढं बोला आणि फोन ठेवा.